लुळेपणानंतरचं नवरा-बायकोचं नातं

आजचा विषय थोडा खासगी आहे. घरात मोठी माणसं असतील तर रेडिओचा आवाज कमी करा, पण बंद करू नका.

आपल्याकडे कलमावरून नाहीतर माडावरून पडून पाठीचा मणका मोडतो. कुणाला गाडीचा अपघात होतो, कुणाच्या अंगावरून वारं जातं. मग घरातले सगळे औषधपाणी, जेवण, लघवीची पिशवी बघू लागतात. नवरा-बायकोच्या नात्याचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. बचत गटाच्या बैठका घेताना आम्हाला हे प्रश्न ऐकू येतात, तेही बैठक संपून बाकीच्या बायका उठल्यावर. ‘पुन्हा जवळ आलं तर त्यांना त्रास होईल का?’ ‘मूल होईल का?’ आज त्याबद्दलच बोलूया.

मणक्याच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे निरोप अंगाला आणि अंगाचे निरोप मेंदूला त्यातूनच पोचतात. त्याला जिथे मार बसतो, त्याच्या खालची हालचाल आणि स्पर्शाची जाणीव कमी होते किंवा जाते. इच्छा मात्र राहते. कुणी आपल्याला जवळ घ्यावं, हे त्या माणसालाही वाटतंच. सुरुवातीला दुःखामुळे, थकव्यामुळे किंवा औषधांमुळे मन लागत नाही, पण पुष्कळांची इच्छा हळूहळू परत येते.

पुरुषाच्या लिंगाला नुसत्या स्पर्शानेही ताठरता येऊ शकते, कधी ती मध्येच जाते. त्यावरून ‘यांना आता मी नकोशी झाले’ असा अर्थ काढू नका. वीर्य बाहेर येणं अवघड होतं, पण मूल हवं असेल तर त्यावर उपचार आहेत. बाईची पाळी काही महिने थांबू शकते, मग बहुधा परत सुरू होते. तिला जाणीव नसली तरी दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण पडून असणाऱ्या बाईला काही गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दिवस राहिले तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा. तिला कळा कळतीलच असं नाही.

आता कामाच्या गोष्टी. जवळ येण्याआधी लघवी करून घ्यावी, पोट साफ असावं. नळी असेल तर ती ओढली जाणार नाही अशी मांडीला किंवा पोटाला चिकटवावी. उशांचा आधार द्यावा, कुशीवर झोपून बघावं. कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने निरोध फाटतो. नंतर पाठ, कंबर, टाचा बघाव्यात. जाणीव नसलेल्या जागी घासलं तरी कळत नाही आणि तिथेच जखम होते. जाणीव असलेल्या जागा एकमेकांना विचारून शोधाव्यात. मान, कान, चेहरा इथला स्पर्श पूर्वीपेक्षा जास्त सुखाचा वाटू शकतो.

मार छातीच्या किंवा मानेच्या मणक्याला असेल, आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर लगेच थांबा. रक्तदाब एकदम चढल्याची ती खूण असते. माणसाला उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का बघा. बरं वाटलं नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. वारं गेलेल्या माणसाने रक्तदाब ताब्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. ताठरतेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. छातीत दुखण्याच्या काही गोळ्यांबरोबर त्या जिवावर बेततात.

एक गोष्ट आम्हाला खटकते. नवरा आजारी पडला तर बायकोने सेवा करावी असं सगळे सांगतात. बायको लुळी पडली तर मात्र तिला माहेरी पोचवतात. कुठे कुठे ‘आता हिला मूल काय करायचंय’ म्हणून ऑपरेशनचा विषय काढतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 सांगतो, की तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारा कोणताही उपचार करता येत नाही. आणि दिवसभर सेवा करून दमलेल्या बायकोने ‘आज नको’ म्हटलं, तर तोही तिचा हक्क आहे.

विचारायचं कुणाला? आशाताईंपासून सुरुवात करा, मग ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा. मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. तिथे असे रुग्ण रोज येतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. ज्याच्यावर ही वेळ आली त्याच्याशी बोलण्यानेही धीर येतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीला खिळल्या. त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तेही खुर्चीवरच. त्या भेटीने त्यांना उभारी आली, आणि पुढे 1984 मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ सुरू केली.

शेवटी आपल्या हातातलं सांगतो. आपल्या घरांत आजारी माणसाची खाट ओटीवर नाहीतर पडवीत टाकतात, म्हणजे येणारा-जाणारा चौकशी करतो. ते दिवसा ठीक आहे. पण रात्री त्या दोघांना दाराला कडी असलेली खोली द्या. आपल्या गटात असं घर असेल तर सासूबाईंशी हा विषय काढा. एखाद्या दुपारी दोघीजणींनी तिथली मुलं सांभाळायला घ्या, त्या दोघांना निवांत बोलू द्या.

पुढच्या बैठकीत कुणाला विचारायचं असेल तर बैठक उठायची वाट बघू नका, आणि सगळ्यांसमोर नको वाटलं तर चिठ्ठी द्या. आम्ही उत्तर शोधून आणू.