शेतातले कोसमिनार

आग्र्याहून लाहोरकडे जाणारा मोगली रस्ता ठिकठिकाणी पुसला गेला. पण हरियाणात ऐन गव्हाच्या शेतात वीट-चुन्याचा, खाली अष्टकोनी व वर गोल निमुळता असा सुमारे तीस फुटी मनोरा एकटाच उभा दिसतो. हा कोसमिनार. कोसाकोसावर असे मिनार बांधण्याचा हुकूम जहांगीराने १६१९ साली दिला. कोस म्हणजे अदमासे दोन मैल. आपल्या मैलाच्या दगडासारखा त्यावर आकडा नाही. वाटसरूने मिनार मोजीत जावे, झाले! १७६० साली भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्यावर गेली ती याच मुलखातून. पुढे रस्ता सरकला, मिनार मात्र जागचा हलला नाही. दोन मिनार नजरेने जोडले की जुनी वाट सापडते. मधला एखादा ढासळला, तर तेवढ्या वाटेची खूण कायमची गेली. आणि नांगर तर अगदी बुंध्यापर्यंत येतो.