पायाच्या मुंग्या आणि सांधेवाताची गोळी



औषधपाण्यावर लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. पण लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदांच्या घरी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. घरच्या काकूंना ऱ्हुमॅटॉइड सांधेवात. औषधाने बोटांची सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा गेला. काही महिन्यांनी मात्र तळपायाला मुंग्या, जळजळ, आणि चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नाही. "वयच झालं आता, साहेब," म्हणत त्यांनी ते अंगावर काढले.

डॉक्टरांनी तपासले तेव्हा कारण निघाले लेफ्लुनोमाइड ही गोळी. १९९८ पासून वापरात असलेली ही गोळी सांध्यांना गुणकारी आहे, पण थोड्या रुग्णांत ती हातापायांच्या नसांना बाधते. वय साठीपुढे किंवा मधुमेह असला तर धोका जास्त. शिवाय गोळी बंद केली तरी तिचा अंश महिनोन्‌महिने, कधी २ वर्षांपर्यंत अंगात राहतो. उसात मारलेले अ‍ॅट्राझीन जमिनीत राहून पुढच्या कडधान्याला नडते, तसेच हे. म्हणून डॉक्टर कोलेस्टिरामिन नावाची पूड देऊन तो अंश बाहेर काढतात. काकूंना तेच केले. जळजळ थांबली, अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे. गोळी जितकी लवकर थांबेल तितकी नसा सुधारण्याची आशा जास्त.

अर्थात सगळ्या मुंग्या गोळीच्याच नसतात. ऊस पिवळा पडला की लोह कमी, पाणी साचले की हुमणी लागली, हे मुळाशी पाहिल्याशिवाय कळत नाही. (पुष्कळजण न बघताच युरिया टाकून मोकळे होतात, ते वेगळे!) सांधेवाताने मनगट सुजून नस दाबली तरी रात्री बोटे बधिर होतात. मधुमेहाने होते, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होते. कोणी सांधेवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने घेत असेल आणि नजर अंधुक झाली किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. असे क्वचितच होते, पण थांबू नये.

भिऊन सगळी औषधे मनानेच बंद करू नका. सांधे पुन्हा सुजतात, आणि झिजलेला सांधा भरून येत नाही. दवाखान्यात जाताना मधुमेहाच्या गोळ्यांसकट सारी पाकिटे पिशवीत घालून न्या. आणि पाय बधिर असेल तर खोडव्यात अनवाणी जाऊ नका. बुडखा लागलेलाही कळत नाही.