विश्लेषण : गुणवत्ता यादीत न धरले जाणारे ३०० गुण… इंग्रजीच्या पात्रता पेपरची तयारी महाविद्यालयातच का सुरू करावी?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो. त्यातला एकही गुण अंतिम यादीत धरला जात नाही. मात्र या पेपरात किमान ७५ गुण मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाच्या पेपरांतले गुण कितीही चांगले असले तरी त्यांचा विचार होत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता याच वळणाने गेली आहे. त्यामुळे मराठी माध्यमातून पदवी घेणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा पेपर ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ या गटातला राहिलेला नाही.

नियम नेमका काय?

नागरी सेवा मुख्य परीक्षेत एकूण नऊ पेपर असतात. त्यापैकी भारतीय भाषेचा ‘पेपर अ’ आणि इंग्रजीचा ‘पेपर ब’ हे प्रत्येकी ३०० गुणांचे आणि केवळ पात्रतेसाठी आहेत. उरलेल्या सात पेपरांचे प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ असे २०२५ गुण गुणवत्तेसाठी धरले जातात. दोन्ही भाषांत प्रत्येकी २५ टक्के गुण हवेत. एकात ९० आणि दुसऱ्यात ६० मिळवून सरासरी काढण्याची सोय नाही.

सर्व पेपरांची तपासणी एकाच वेळी होते, पण भाषांत पात्र ठरलेल्यांचेच अन्य पेपर विचारात घेतले जातात. म्हणजे एखाद्याने सामान्य अध्ययनात उत्तम उत्तरे लिहिली आणि इंग्रजीत तो ७२ वर अडकला, तर त्याच्या त्या वर्षाच्या प्रयत्नाला तिथेच पूर्णविराम मिळतो. प्रयत्नांची संख्या मर्यादित असलेल्या परीक्षेत ही किंमत मोठी आहे. आयोगाच्या म्हणण्यानुसार पेपरचा दर्जा दहावीचा किंवा समकक्ष असतो. अनेक जण इथेच फसतात. दहावीच्या दर्जाचे इंग्रजी वाचता येणे आणि तीन तासांत ते शुद्ध लिहिता येणे यांत बरेच अंतर आहे.

राज्यसेवेत काय बदलले?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जुन्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे ८०० गुण होते. मराठी आणि इंग्रजी मिळून १०० गुणांचा एक वर्णनात्मक पेपर, १०० गुणांचा एक बहुपर्यायी पेपर आणि सामान्य अध्ययनाचे बहुपर्यायी पेपर अशी रचना होती. आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली. ती लगेच लागू करण्याला विरोध झाला, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. नवी रचना केंद्रीय आयोगाच्या धर्तीवर आहे. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुण, किमान २५ टक्के, आणि हे गुण यादीत धरायचे नाहीत.

वरवर पाहता इंग्रजीचे वजन कमी झाले. पूर्वी भाषेचे गुण एकूण बेरजेत जात असत, आता जात नाहीत. पण पूर्वी इंग्रजीत कच्चा असलेला उमेदवार इतर विषयांत भरपाई करू शकत होता. आता ती वाट बंद आहे. शिवाय चार पर्यायांतून योग्य शब्द ओळखणे आणि कोऱ्या कागदावर सहाशे शब्दांचा निबंध लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. बहुपर्यायी सरावावर वाढलेल्या पिढीला खरा फटका दुसऱ्या कामात बसू शकतो.

इंग्रजीवरून वाद होतो तो का?

वाद जुना आहे. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची उत्तरे भारतीय भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली आणि ग्रामीण भागातील पदवीधरांना दार उघडले. मार्च २०१३ मध्ये आयोगाने इंग्रजीचे १०० गुण गुणवत्तेत धरण्याचा बदल अधिसूचित केला. संसदेत गदारोळ झाला, तेव्हा तो मागे घेऊन पात्रतेचा जुना नियम कायम ठेवण्यात आला. पुढच्याच वर्षी पूर्व परीक्षेतील ‘सीसॅट’विरोधात दिल्लीत आंदोलन झाले आणि त्यातील इंग्रजी आकलनाचे गुण न धरण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

पात्रतेची २५ टक्क्यांची अट हा या ओढाताणीतून टिकलेला मध्यममार्ग म्हणता येईल. अधिकाऱ्याला इंग्रजी टिपणी वाचता-लिहिता यावी, पण इंग्रजी शाळेत शिकल्याचा फायदा क्रमवारीत मिळू नये, असा त्यामागचा तर्क दिसतो आणि तो रास्त वाटतो.

पेपरात काय विचारतात?

अभ्यासक्रम चार ओळींचा आहे. उताऱ्याचे आकलन, सारांशलेखन, शब्दसंग्रह व वापर आणि निबंध. केंद्रीय आयोगाच्या प्रश्नपत्रिकांत सर्वसाधारणपणे सहाशे शब्दांच्या निबंधाला १००, उताऱ्यावरील पाच प्रश्नांना ७५, सारांशाला ७५ आणि व्याकरण-शब्दसंग्रहाला ५० गुण असतात. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. गेल्या पाच-सहा वर्षांच्या उतरवून घेतल्या, की प्रश्नांचा साचा किती स्थिर आहे हे दिसते. त्यासाठी वेगळा वर्ग लावण्याची गरज बहुतेकांना नाही.

हिशेब साधा आहे. निबंधात ३५, आकलनात ३५, सारांशात २० आणि व्याकरणात २० मिळाले तरी बेरीज ११० होते. लक्ष्य ७५ चे ठेवू नये, ११०-१२० चे ठेवावे. तपासणीत निबंधाचे दहा-पंधरा गुण इकडेतिकडे झाले, तरी त्यामुळे धोका राहत नाही.

मराठी माध्यमाचा विद्यार्थी कुठे अडखळतो?

याचे उत्तर पाठांतराच्या पुस्तकात कमी आणि मराठीच्या घडणीत जास्त सापडते. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो आणि त्यावर इंग्रजी शब्द चढवतो. त्यामुळे चुकाही ठरलेल्या असतात आणि ठरलेल्या चुका सुधारणे सोपे असते.

‘जरी पाऊस पडला तरी तो आला’ हे मराठीत बरोबर आहे, कारण जरीला तरी लागतोच. इंग्रजीत मात्र ‘ऑल्दो’ आले की पुढे ‘बट’ येत नाही. तसेच ‘कारण… म्हणून’ ही जोडी ‘बिकॉज’ आणि ‘देअरफोर’ अशी एकाच वाक्यात उतरते आणि गुण जातात.

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचे भाषांतर हमखास ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असे होते. यात दोन चुका आहेत. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. आणि आपल्या ‘पासून’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. कालावधी मोजायचा तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’. म्हणजे ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स २०२०’.

‘मी काल गेलो होतो’मधल्या ‘होतो’मुळे ‘आय हॅड गॉन यस्टर्डे’ लिहिले जाते, जिथे साधे ‘वेंट’ पुरते. ‘मी येईन तेव्हा सांगेन’ यात मराठीत दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत. इंग्रजीत ‘व्हेन’ नंतर ‘विल’ येत नाही, ‘व्हेन आय कम’ असे लिहावे लागते. ‘मी येतो असं तो म्हणाला’ असे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून सांगतो, म्हणून अप्रत्यक्ष कथनात ‘ही सेड दॅट आय विल कम’ होते आणि येणारा माणूसच बदलतो.

सर्वाधिक गुण खाणारी गोष्ट मात्र अगदी छोटी आहे. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती वगळलेली वाक्ये आपल्या कानाला खटकतच नाहीत. त्यावर नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एक उपाय अधिक कामाचा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्यावा, त्यातली सगळी उपपदे आणि शब्दयोगी शब्द गाळून तो वहीत उतरवावा, दुसऱ्या दिवशी गाळलेल्या जागा भराव्यात आणि मूळ मजकुराशी ताडून पाहावे. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटे. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘मॅरीड विथ’ हे आपले लाडके प्रयोगही याच वहीत उघडे पडतात.

सारांशलेखनात गुण कुठे जातात?

उतारा साधारण एक तृतीयांश करायचा असतो, म्हणजे साडेचारशे शब्दांचा उतारा दीडशेत. तोही स्वतःच्या शब्दांत. प्रश्नात शीर्षक देऊ नका असे सांगितलेले असते आणि तरीही ते देण्याचा मोह होतो, कारण शाळेत सारांशाला शीर्षक द्यायची सवय लागलेली असते. सूचना वाचणे हाही या पेपरचा भाग आहे.

बरेच विद्यार्थी उताऱ्यातली तिसरी, सातवी, अकरावी अशी वाक्ये उचलून जोडतात. तो सारांश होत नाही, कात्रण होते. त्यापेक्षा उतारा दोनदा वाचून झाकावा आणि लेखकाला काय म्हणायचे आहे ते आधी मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहावे. मराठीत ते जमले नाही तर इंग्रजीत जमणार नाही, हे नक्की. त्यानंतर उदाहरणे, आकडे, पुनरुक्ती गाळावी. शेळ्या, मेंढ्या, गाई, म्हशी असे चार शब्द असतील तिथे ‘लाइव्हस्टॉक’ हा एक शब्द पुरतो. असे समूहवाचक शब्द वाचताना टिपून ठेवले की सारांशाचे निम्मे काम होते. मूळ लेखकाच्या मताशी आपण असहमत असलो, तरी ते सारांशात आणायचे नाही.

महाविद्यालयातच सुरुवात का?

पूर्व परीक्षेच्या निकालानंतर मुख्य परीक्षेपर्यंत हाती काही महिनेच उरतात आणि ते सामान्य अध्ययन, वैकल्पिक विषय यांत जातात. लेखनाची सवय तेवढ्यात लागत नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत मात्र आठवड्याला दोन तास पुष्कळ झाले.

सुरुवात बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पुस्तकापासून करायला हरकत नाही. ते बहुतेकांच्या घरात पडलेले असते, नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळते. आकलनाचे उतारे, सारांश, निबंध हे सगळे त्यात आहे आणि दर्जाही परीक्षेला साजेसा आहे. जाडजूड इंग्रजी शब्दकोश पाठ करणाऱ्यांपेक्षा हे पुस्तक दोनदा नीट सोडवणारा पुढे जाईल, असे म्हणण्यात फार धाडस नाही. पंधरवड्याला एक निबंध हाताने लिहावा. मोबाइलवर टंकलेखन करताना चूक आपोआप दुरुस्त होते, परीक्षेच्या कागदावर ती तशीच राहते. लिहिलेला निबंध महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांना दाखवावा. पदवीनंतर पेठेतल्या अभ्यासिकेत बसल्यावर असा माणूस फुकट मिळणे अवघड असते.

ही तयारी इतरत्रही चालते का?

चालते, आणि तिथे तर गुण थेट मोजले जातात. लष्कराच्या सीडीएस परीक्षेत इंग्रजीचे १०० गुण असतात, अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी तर इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच दोन पेपर. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर पातळीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी, तर दुसऱ्या टप्प्यात ४५ प्रश्न १३५ गुणांसाठी येतात. या परीक्षा बहुपर्यायी आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे तिथे वेगाचा वेगळा सराव लागतो. ज्यांचे लक्ष्य केवळ या परीक्षा आहेत, त्यांनी निबंधावर फार वेळ घालवू नये.

प्रत्यक्ष पेपरच्या दिवशी?

नागरी सेवा परीक्षेत अलीकडच्या वर्षांत भाषांचे पेपर एकाच दिवशी असतात. सकाळी भारतीय भाषा आणि दुपारी इंग्रजी, तेही निबंध व सामान्य अध्ययनाचे पेपर होऊन गेल्यावर. हात दुखत असतो, डोके थकलेले असते. त्यामुळे आकलन आणि व्याकरण आधी उरकावे, मग सारांश आणि शेवटी निबंध, हा क्रम अनेकांना सोयीचा पडतो. मात्र निबंधासाठी किमान पाऊण तास राखून ठेवावा, कारण एका प्रश्नावरच १०० गुण आहेत. निबंधात छोटी वाक्ये लिहावीत. ज्या शब्दाचे स्पेलिंग येत नाही, त्याऐवजी येणारा शब्द वापरावा. शेवटची दहा मिनिटे फक्त तीन गोष्टी तपासण्यासाठी : क्रियापदाचा काळ, एकवचनी कर्त्यापुढचा ‘एस’ आणि गाळलेली उपपदे.