अद्ययावत झालेली प्रणाली आणि अडखळणारा रिमोट

इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका दाखविणाऱ्या उपकरणाची प्रणाली रात्री आपोआप अद्ययावत होते. सकाळी रिमोटवर अंगठा ठेवताच पडद्यावरील यादी हव्या त्या चित्राजवळ न थांबता पुढे धावत सुटते, किंवा काही केल्या हलतच नाही. अशा वेळी रिमोट बिघडला असे गृहीत धरले जाते आणि काही जण नवा रिमोट विकतही घेतात. प्रत्यक्षात दोष बरेचदा रिमोटमध्ये नसून, बोटाच्या हालचालीचा अर्थ लावणाऱ्या प्रणालीत असतो. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी काही साध्या चाचण्या करणे हिताचे ठरते.

कळीकडून स्पर्शाकडे

दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या रिमोटचे काम अगदी सरळ होते. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्पेस कमांड’ या रिमोटमध्ये बॅटरीही नव्हती. कळ दाबली की आतील छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आदळत असे आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी संचापर्यंत पोहोचत असे. पुढे ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. एकदा दाबले की एक संकेत आणि एक कृती.

ॲपल कंपनीने २०१५ मध्ये ‘ॲपल टीव्ही’ या उपकरणासोबत दिलेल्या रिमोटमध्ये बाणांच्या कळांऐवजी काचेचा स्पर्शपृष्ठभाग होता. स्पर्शाला कळीसारखी निश्चित पायरी नसते. बोट किती अंतर सरकले, किती वेगाने सरकले आणि उचलले त्या क्षणी त्याची गती किती होती, याची मोजणी करून यादी किती सरकवायची हे प्रणाली ठरविते. बोट उचलल्यानंतरही यादी काही क्षण पुढे जात राहते, तीही याच गणिताने. अद्ययावतीकरणात या गणितातील एखादे प्रमाण बदलले, तर हाताची सवय तीच राहूनही पडद्यावरील परिणाम निराळा दिसतो.

या रिमोटबद्दल बरीच नाराजी व्यक्त झाली. स्वित्झर्लंडमधील सॉल्ट या दूरसंचार कंपनीने २०१९ मध्ये आपल्या ग्राहकांसाठी साध्या कळांचा पर्यायी रिमोट उपलब्ध करून दिला. ॲपलनेही २०२१ मध्ये नवा रिमोट आणला. त्यात चारही दिशांना दाबता येणारी वर्तुळाकार कळ देण्यात आली आणि स्पर्शाची सोयही कायम ठेवण्यात आली.

केवळ कळा असलेले रिमोटही या अडचणीतून पूर्णपणे मुक्त नाहीत. कळ दाबून धरल्यावर यादी किती वेळाने आणि किती वेगाने धावू लागेल, हे उपकरणाची प्रणालीच ठरवीत असते.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

पहिली चाचणी ॲपची. यादी एकाच ॲपमध्ये अडखळत असेल आणि मुख्य पडद्यावर सुरळीत चालत असेल, तर दोष त्या ॲपचा असण्याची शक्यता अधिक असते. ते ॲप पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडावे किंवा त्याची नवी आवृत्ती घ्यावी.

दुसरी चाचणी मोबाईलची. ॲपल टीव्ही, फायर टीव्ही यांसारखी उपकरणे मोबाईलवरूनही चालविता येतात. मोबाईलवरून यादी व्यवस्थित सरकली, तर लक्ष रिमोटकडे वळवावे. मोबाईलवरूनही तोच त्रास झाला, तर कारण उपकरणाच्या प्रणालीत शोधावे लागेल.

यादी आपोआप सरकत असल्यास अडकलेली कळ, पृष्ठभागावरील ओलावा किंवा रिमोट धरताना नकळत टेकलेला अंगठा, ही कारणे तपासावीत. एचडीएमआय तारेतून दूरचित्रवाणी संचाचा रिमोटही अनेक उपकरणे चालवू शकतो. त्यामुळे सोफ्याच्या फटीत दबलेला दुसरा रिमोट हेही कारण असू शकते.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

सर्वप्रथम उपकरणाची वीजजोडणी काही क्षण काढून पुन्हा जोडावी. त्यानंतर रिमोटची बॅटरी बदलावी किंवा चार्ज करावी. यातील बहुतेक रिमोट ब्लूटूथवर चालतात. वाय-फायच्या अनेक जोडण्याही त्याच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालत असल्याने राउटर आणि उपकरण एकमेकांना खेटून ठेवू नयेत.

ॲपल टीव्हीच्या सध्याच्या रिमोटवरील टीव्ही कळ आणि आवाज कमी करण्याची कळ एकाच वेळी सुमारे ५ सेकंद दाबून धरल्यास रिमोट नव्याने सुरू होतो. संपर्क तुटल्याची सूचना पडद्यावर दिसल्यानंतर तो पुन्हा जोडला जातो. फायर टीव्हीचा रिमोट पुन्हा जोडण्यासाठी होम कळ १० सेकंद दाबून धरावी लागते.

यानंतरही यादी धावत असेल, तर ॲपल टीव्हीच्या सेटिंग्जमधील रिमोटच्या विभागात जावे. तेथे स्पर्शाचा वेग मंद, मध्यम किंवा जलद ठेवता येतो. २०२१ आणि त्यानंतरच्या रिमोटसाठी स्पर्श पूर्णपणे बंद करून केवळ कळ दाबण्याचा पर्यायही तेथेच आहे. तो निवडल्यास दाबले तेवढेच पुढे, हा जुना हिशेब परत मिळतो.

कारखान्यातील मूळ स्थिती आणण्याचा उपाय मात्र सर्वांत शेवटी करावा. त्यामुळे साठविलेली माहिती पुसली जाते आणि प्रत्येक सेवेचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो.

अडचण केवळ तांत्रिक नाही

तरुण वापरकर्त्याला दोन दिवसांत नव्या वेगाची सवय होते. घरातील ज्येष्ठांची गोष्ट वेगळी असते. त्यांच्यापैकी अनेक जण पडद्यावरील अक्षरे वाचत नाहीत. उजवीकडे तीनदा, खाली एकदा, मग मधली कळ, असा क्रम त्यांच्या हाताला पाठ झालेला असतो. एका रात्रीत तो क्रम चुकू लागतो. दोष यंत्राचा असला तरी आपल्यालाच आता हे जमत नाही, असा समज ते करून घेतात आणि संच लावणेच सोडून देतात. कापऱ्या हाताच्या किंवा अधू दृष्टीच्या व्यक्तीसाठी तर स्पर्शाच्या वेगातील लहानसा बदलही मोठा अडथळा ठरतो.

प्रश्न मालकीचाही आहे. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचे वागणे कंपनी दुरून बदलू शकते. जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा मार्ग सामान्य ग्राहकाला सहसा उपलब्ध नसतो. अद्ययावतीकरण टाळत राहणे हाही योग्य उपाय नाही, कारण सुरक्षेतील त्रुटी त्याद्वारेच दूर केल्या जातात. मात्र ॲपल टीव्हीसारख्या उपकरणांवर ते आपोआप होऊ न देता, घरात मदतीला कोणी असेल अशा दिवशी करून घेता येते. पाठ झालेला क्रम बदलला असल्यास तो त्याच दिवशी ज्येष्ठांसोबत बसून पुन्हा गिरवता येईल.

सर्व उपाय करूनही त्रास कायम राहिल्यास प्रणालीची आवृत्ती, अद्ययावतीकरणाचा दिनांक आणि अडचणीचे मोबाईलवर केलेले चित्रण यांसह उत्पादक कंपनीकडे तक्रार नोंदवावी. खरेदीची पावती जपून ठेवावी. कंपनीकडून दाद न मिळाल्यास भारतातील ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.