न थांबणारें रक्त

बोट कापलें कीं रक्त येतें आणि थोड्या वेळानें आपोआप थांबतें. जेथें तें थांबत नाहीं आणि कारणही सांपडत नाहीं, तेथें संशोधनास आरंभ होतो.

फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनीं १८९९ सालीं रक्तस्रावानंतर रक्तांत होणाऱ्या बदलांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. पुढें १९२४ सालीं ऑलंड बेटांवरील पांच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या रक्तांत प्लेटलेट पुरेसे होते, तरी जखम वाहतच राही. हिमोफिलिया बहुधा पुरुषांस पीडितो. येथें तर स्त्रियाच अधिक पीडित होत्या. घराण्यांतील ६६ जणांची माहिती मिळवितां २३ जणांत हा विकार आढळला. १९२६ सालीं त्यांनीं निबंध प्रसिद्ध केला. मुलगी मात्र तेराव्या वर्षीं मासिक पाळींतील रक्तस्रावानें दगावली.

प्लेटलेटांना जखमेशीं चिकटविणारें एक प्रथिन या विकारांत उणें वा सदोष असतें, हें कळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. आज तें विलेब्रांड यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

आजही कित्येक रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, साऱ्या तपासण्या निर्दोष येतात आणि रक्तस्राव चालूच असतो. रोगास नांव मिळालें नाहीं म्हणजे रोग नाहीं, असें नव्हे.