संघव्यायाम : बडोद्याच्या आखाड्यातून शाळेच्या पटांगणावर

बडोद्याच्या व्यायाम-परंपरेवर बोलायचं म्हटलं की गाडी हमखास कुस्तीवर येते. खंडेराव महाराजांचा मल्लांचा शौक, साठमारी, सयाजीबागेतल्या संग्रहालयात असलेली आणि गामा पहिलवानाने उचलली असं सांगतात ती शिळा. पाहुणे आले की आपण त्यांना ती शिळा दाखवतो, त्यांच्या मुलांना शेजारी उभं करून फोटो काढतो. पण सात-आठ वर्षांच्या पोराने त्या शिळेकडे बघून करायचं तरी काय? मला वाटतं, या शहराने लहान मुलांच्या शरीरासाठी केलेलं खरं काम त्या दगडात नाही. ते शाळेच्या पटांगणावर आखलेल्या चुन्याच्या रेघांमध्ये आहे. या टिपणात त्याच कामाचा मागोवा घेतो आहे.

आधी आखाड्याची जुनी रीत समजून घेऊ. तालमीत उस्ताद एक आणि पठ्ठे मोजके. प्रत्येकाच्या अंगाचा अंदाज घेऊन उस्ताद त्याला जोर-बैठका ठरवून देणार, डाव शिकवणार, चुकला तर स्वतः हात धरून दाखवणार. मल्लखांबाचंही तसंच. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं. ती विद्याही एका वेळी एकानेच खांबावर चढून शिकायची, बाकीच्यांनी खाली उभं राहून बघायचं. विद्या अस्सल, पण माणसामागे वेळ फार लागतो. दहा जणांना चालतं, शंभरांना नाही.

आणि बडोदे राज्यात शंभरांचाच प्रश्न उभा राहणार होता. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. आता ज्यांनी तालीम कधी पाहिलीच नव्हती अशा घरांतली मुलं पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊन बसली. वर्ग मोठे, मास्तर एक-दोन, साहित्याला पैसा बेताचा. शेतात, अंगणात, रानात हुंदडणारं पोर दिवसाचे काही तास मांडी घालून बसायला लागलं. त्याच्या हातापायांना काम कोण देणार? साहेबी कवायत होती, पण तिचे हुकूम इंग्रजीत. लहान मुलं ते आवाजाच्या चढउतारावरून ओळखायची, अर्थावरून नाही.

इथे जुम्मादादा व्यायाम मंदिराचा संबंध येतो. उस्ताद जुम्मादादांच्या नावाने चालणारी ही संस्था १८८० पासूनची. त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी ती पुढे नावारूपाला आणली. जुन्या बडोदेकरांच्या घरात माणिकरावांचं नाव अजूनही निघतं ते बहुधा हाडवैद्य म्हणून. ‘हात मोडला की माणिकरावांकडे’ हे मी स्वतः लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. तालमीतला व्यायाम त्यांनी रांगेत आणला. शेकडो मुलांनी एकाच वेळी, एकाच हुकमावर करायचा तो ‘संघव्यायाम’. आणि त्यासाठी इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतले हुकूम बसवले.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात बरीच बांधणी आहे, म्हणून थोडं उलगडून सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. दोन्ही हात बाजूला पसरले तर शेजाऱ्याला लागू नयेत, पुढे केले तर पुढच्याच्या पाठीला टेकू नयेत, एवढी जागा प्रत्येकाला मिळाली पाहिजे. ती एकदा आखली की लहानशा पटांगणातही पन्नास मुलं बसतात. दुसरी गोष्ट मोजणीची. अवघड हालचालीचे चार किंवा आठ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा. मूल आकड्यावर थांबतं, त्यामुळे मास्तरांना रांगेवरून नजर फिरवून कोणाचा गुडघा वाकला, कोणाची पाठ झुकली ते दिसतं. तिसरी गोष्ट हुकमाची. चांगल्या हुकमाचे दोन भाग असतात. आधी काय करायचं याची सूचना, मग क्षणभर थांबून प्रत्यक्ष करण्याचा शब्द. तो मधला क्षण मुलाच्या डोक्यासाठी असतो. ‘उजवीकडे’ ऐकल्यावर उजवा हात कोणता हे आठवायला पहिलीच्या मुलाला तेवढा वेळ लागतोच! आणि शब्द त्याच्या बोलीतला असेल तरच त्या क्षणाचा उपयोग. म्हणून हुकूम देशी भाषेत आणणं हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हता, शिकवण्याच्या सोयीचाही होता.

साहित्यातही हीच दृष्टी दिसते. लेझीम मुळात साखळी लावलेलं धनुष्य, धनुर्विद्येचा सराव करणाऱ्याने दंड-खांदे तयार करण्यासाठी ओढायचं, चांगलंच जड. शाळेत आली ती लाकडी दांड्याची, झांजा लावलेली हलकी लेझीम. मेहनत कमी झाली, पण ताल आला. आणि तालाचा एक फायदा असा की चुकणाऱ्याला मास्तरांनी ओरडावं लागत नाही, त्याच्या कानालाच चूक कळते. मुद्गल, करेला ही जड साधनं मात्र मोठ्यांचीच. लहान मुलाच्या वाढत्या हाडांवर वजन टाकण्यापेक्षा त्याला धावणं, उडी, तोल आणि पकड शिकवावी, हे जाणते उस्तादही सांगत.

दुसरा धागा खेळांचा. हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या हे खेळ गावोगाव वेगवेगळ्या रिवाजाने खेळले जात. त्यांना छापील नियम मिळाले ते पुणे आणि बडोदे इथल्या मंडळींच्या खटपटीमुळे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचं नाव यात महत्त्वाचं. १९२३ च्या सुमारास हुतुतूचे नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय सामने झाले. नियम छापण्याने काय होतं? तर खेळ ‘दांडग्या पोराचा’ राहत नाही. खो-खोत आठ जण बसलेले, एक पाठलागावर, त्याने मधली रेघ ओलांडायची नाही आणि दिशा बदलायची नाही. या बंधनांमुळेच किरकोळ अंगाचं चपळ पोर आडदांड पोराला चकवू शकतं. आट्यापाट्यांत तर चेंडू नको, दांडू नको. जमिनीवर रेघा आखल्या की झालं. सूर, कपाळपाटी, लोण हे शब्द ज्यांना आठवतात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तिसरा धागा कागदावरचा. सरदार आबासाहेब मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत दहा खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३६ चा. गुजराती मुलखात राहून, मराठीत, व्यायामावर दहा खंड! आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यातला एखादा खंड माळ्यावर असण्याची शक्यता आहे. कृपा करून तो रद्दीत घालू नका.

चौथा धागा बडोद्याबाहेर जातो. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘यौगिक संघव्यायाम’ या नावाचं पुस्तकही लिहिलं. नावाकडे लक्ष द्या. आसनं एकेकट्याने करायची साधना, ती त्यांनी वर्गासाठी मांडली. या मांडणीमागे मला तरी माणिकरावांची रांग दिसते. गुजरातेत आखाडे पसरवणारे छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी हे बंधूही याच तालमीच्या प्रभावातले. मराठी उस्तादाची विद्या गुजराती गावांत अशी रुजली.

या परंपरेला एक मोठी उणीव होती, तीही सांगायला हवी. तालीम मुलग्यांचीच होती. मुलींच्या व्यायामासाठी बडोद्यात आर्य कन्या महाविद्यालयासारख्या संस्थांना वेगळी वाट काढावी लागली. तिथल्या मुली लाठी-लेझमीसाठी नावाजलेल्या होत्या. पण सर्वसाधारण घरातली मुलगी लंगडी, फुगडी आणि झिम्म्यावरच राहिली. अर्थात लंगडीला कमी लेखू नका. एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलणं हा पोटऱ्या, घोटे आणि दम यांचा उत्तम व्यायाम आहे.

आता आजचं. मी बरीच वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवलं. एका शाळेत ‘शारीरिक शिक्षण’ हा तास वेळापत्रकावर होता, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जायचा. पुढे पटांगणाच्या अर्ध्या भागात वाहनं लागू लागली. ‘जागा नाही, शिक्षक नाही, साहित्य नाही’ ही तीन कारणं मी मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी याच तीन अडचणींवर याच गावात उत्तर शोधलं गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी असं सांगते. शाळेने त्यातली वीस मिनिटं उचलली तरी पुष्कळ. पाच मिनिटं मोजणीवरचे हात-पाय, पाच मिनिटं सूर्यनमस्कार सावकाश, दहा मिनिटं लंगडी किंवा खो-खो. मग हातपाय धुऊन पाणी. बाकीची चाळीस घरच्यांनी अंगणात, गच्चीत, सोसायटीत बघावीत. मधल्या सुट्टीच्या डब्यात पाकिटातल्या कुरकुरीत पदार्थांऐवजी भाजी-पोळी, शेंगदाणे-गूळ, एखादं फळ असावं आणि रात्री वेळेवर झोप. यात नवीन काहीच नाही, आपल्या आज्या हेच सांगत होत्या.

मंडळातर्फे एक विनंती. १९६०-७० च्या सुमारास ज्यांनी बडोद्याच्या मराठी शाळांत कवायत केली, त्यांनी आठवत असतील ते हुकूम, लेझमीचे हात, आट्यापाट्यांतल्या पाट्यांची नावं आणि घरच्या अंगणातले नियम लिहून पाठवावेत. शाळेचं नाव आणि साधारण साल टाकलंत तर उत्तम. मोबाइलवर बोलून पाठवलंत तरी चालेल, उतरवून घेण्याचं काम आम्ही करू. मराठी शाळांचे वर्ग कमी होत चालले आहेत. हे शब्द तोंडात असलेली माणसंही आता सत्तरीच्या पुढची आहेत.