कैलाहून ते औंध

२००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या लहानशा देशात संयुक्त राष्ट्रांचे सुमारे पाचशे शांतिसैनिक बंडखोरांच्या हाती सापडले. ठिणगी पडली ती मकेनी गावात. तिथल्या केंद्रात दहा बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली होती. ‘आमची माणसे परत करा’ म्हणत रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंटने केनियाच्या सैनिकांना घेरले. त्यांच्या मदतीला झांबियाची पलटण निघाली, ती चिलखती गाड्यांसकट वाटेतच पकडली गेली. पूर्वेकडे कैलाहूनला दोनशेहून अधिक भारतीय जवान वेढ्यात अडकले, ते तब्बल पंचाहत्तर दिवस. जुलैच्या मध्यावर ‘ऑपरेशन खुखरी’ झाले आणि ते सुटले. त्या कारवाईत ब्रिटिशांची चिनूक हेलिकॉप्टरे होती, घाना आणि नायजेरियाचे सैनिकही होते. एक भारतीय हवालदार कामी आला.

आपल्याकडे ही हकिकत शौर्यकथा म्हणून सांगतात आणि ती शौर्यकथा आहेच. पण सुमारे अकरा हजारांपर्यंत सैन्य ठेवण्याची परवानगी असलेल्या मोहिमेवर अशी वेळ आलीच कशी, हा प्रश्न त्या कथेत सहसा येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या पाहणी पथकाला याचे उत्तर मोहिमेच्या आतच सापडले. वेगवेगळ्या देशांच्या तुकड्यांमध्ये एकसंधपणा नव्हता. आपल्याला नेमके काय करायला पाठवले आहे आणि गोळी केव्हा झाडायची, याबद्दल सर्वांची समजूत एक नव्हती. मोहिमेचे सेनापती होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली. ज्येष्ठ नायजेरियन सहकाऱ्यांवर गंभीर आरोप करणारा त्यांचा गोपनीय अहवाल पुढे फुटला. नायजेरियाने आरोप फेटाळले आणि त्याच सप्टेंबरात भारताने आपले सैन्य काढून घेण्याचे जाहीर केले.

‘शांतिसेना’ म्हटले की मराठी वाचकाला १९८७ ची श्रीलंका आठवते. ती फौज एकट्या भारताची होती, हुकूम दिल्लीचा होता. संयुक्त राष्ट्रांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे स्वतःचे सैन्यच नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, देश आपापल्या पलटणी देतात आणि कालपर्यंत एकमेकांना न पाहिलेली माणसे निळी टोपी घालून एका सेनापतीच्या हाताखाली उभी राहतात. त्यांना तयार करून पाठवण्याची जबाबदारीही आमसभेच्या ठरावानुसार ज्या त्या देशाची. न्यूयॉर्कहून प्रशिक्षणाचे साहित्य येते, शिकवायचे मात्र ज्याचे त्याने. एकच पाठ्यपुस्तक दहा शाळांत दहा प्रकारे शिकवले जाते हे आपल्याला काही नवे नाही. इथे मात्र परीक्षा सर्वांनी एकाच बाकावर बसून द्यायची असते.

ही अडचण किती बारीक पातळीवर येते ते पाहण्यासाठी एक साधा प्रसंग कल्पावा. धान्याचा ताफा चालला आहे. रस्त्यावर दोर बांधून काही सशस्त्र पोरे उभी आहेत. वर्षानुवर्षे बंडखोरांशी लढलेल्या सैन्याचा जवान आधी आडोसा शोधील आणि बंदूक रोखील. ज्याच्या सैन्याचे बरेचसे काम आपल्या शहरांत बंदोबस्ताचे, तो पुढे होऊन बोलणी करील. तिसऱ्याचा अधिकारी बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांना विचारत बसेल. तिघांपैकी चूक कोणीच नाही, पण तिघे एकाच ताफ्यात असले तर ताफा जाणार. सिएरा लिओनमध्ये तर प्रश्न आणखी नाजूक होता. १९९९ च्या ज्या ठरावाने ती मोहीम उभी राहिली, त्यात नागरिकांवर तात्काळ धोका असेल तर त्यांचे रक्षण करण्याची मुभा पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत दिली होती. स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडणे सर्व सैनिकांना ठाऊक असते. दुसऱ्याच्या, परक्या देशातल्या परक्या माणसाच्या बचावासाठी ती केव्हा झाडायची, हे शिकावे लागते आणि शेजारच्या तुकडीबरोबर शिकावे लागते.

संयुक्त सरावांचे मोल इथे आहे. मंगोलियात ‘खान क्वेस्ट’ हा सराव २००३ मध्ये अमेरिका आणि मंगोलिया या दोघांपुरता सुरू झाला आणि तीन वर्षांत बहुराष्ट्रीय झाला. भारतीय तुकड्याही तिथे जातात. दिल्लीत २००० मध्येच लष्कराने संयुक्त राष्ट्र शांतिरक्षणाचे केंद्र उभारले. २०१६ पासून तिथे भारत आणि अमेरिका मिळून आफ्रिकी देशांच्या प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालवू लागले. प्रशिक्षकच तयार केले की ते मायदेशी जाऊन पुढच्या पलटणी घडवतील, हा त्यामागचा हिशेब.

आणि पुणे. औंधच्या लष्करी तळावर मार्च २०१६ मध्ये ‘फोर्स १८’ हा सराव झाला, त्यात आग्नेय आशियातले दहा देश आणि त्यांचे आठ भागीदार होते. भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. काँगोच्या शांतिमोहिमेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मार्च २०१९ चा भारत-आफ्रिका सराव. त्यात सतरा आफ्रिकी देश आले. त्यांच्या यादीत केनिया, झांबिया, घाना, नायजेरिया ही चारही नावे होती. एकोणीस वर्षांपूर्वी सिएरा लिओनमध्ये ज्यांचे एकमेकांशी जुळले नाही, तीच सैन्ये भारतीय जवानांसोबत औंधच्या माळावर गस्त घालत होती, नाकाबंदी लावत होती, वस्तीला वेढा घालून झडती घेण्याचा आणि सुरुंग निकामी करण्याचा सराव करत होती. योगायोग असेल, पण उशिरा भरलेल्या वर्गासारखा वाटतो खरा.

मग आता सगळे जुळले का? २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख विभागाने एक अहवाल दिला. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांवरील हल्ल्यांच्या ५०७ घटनांपैकी ४०६ घटनांमध्ये मोहिमांनी तात्काळ प्रतिसाद दिला नव्हता. कारणांत एक कारण असे की तुकड्यांचे अधिकारी सेनापतीचा हुकूम मिळाला तरी आपल्या राजधानीला विचारत. यावर औंधला किंवा मंगोलियात कितीही कवायत केली तरी उपाय नाही. नाकाबंदी कशी लावायची हे सैनिक शिकतो, पण परक्यासाठी आपला माणूस मरू द्यायचा का, हे त्याचे सरकार ठरवते. सरकारांना सरावाला बोलावत नाहीत. पैसा एका बाजूचा आणि माणसे दुसऱ्या बाजूची, ही विभागणीही त्यात मिसळलेली असते. श्रीमंत देश प्रशिक्षणाला निधी देतात, आघाडीवर मात्र दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतली मुले जातात. भारताने आजवर दीडशेहून अधिक माणसे या कामात गमावली आहेत.

शिवाय सरावांना इतरही हेतू चिकटतात. मार्च २०२३ मध्ये पुण्यात असाच सराव पुन्हा झाला, तेव्हा आफ्रिकी लष्करप्रमुखांची परिषदही भरली आणि भारतीय बनावटीच्या शस्त्रसामग्रीचे प्रदर्शनही मांडले गेले. यात गैर काही नाही, पण सराव वाढले म्हणजे शांतिरक्षण वाढले असे समजू नये. उलट मोहिमा आटत चालल्या आहेत. मालीतली २०२३ च्या अखेरीस गुंडाळली. दक्षिण लेबनॉनमधली ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवण्याचे सुरक्षा परिषदेने ठरवले आहे.

त्या लेबनॉनमध्येच मात्र या सहकार्याचे एक चांगले उदाहरण घडले. भारत आणि कझाकस्तान २०१६ पासून दरवर्षी एकत्र सराव करू लागले होते. २०१८ मध्ये कझाकस्तानने आपले १२० सैनिक दक्षिण लेबनॉनला पाठवले, तेही स्वतंत्रपणे नव्हे, भारतीय पलटणीचा भाग म्हणून. सरावात ओळख झालेल्या दोन सैन्यांनी एकाच तळावर राहून खऱ्या सीमेवर काम केले. औंधच्या माळावर चूक झाली तर पंच शिट्टी वाजवतात, तिथे तसे नव्हते. पुढे २०२४ मध्ये कझाकस्तानने गोलान टेकड्यांवरील मोहिमेत तुकडी पाठवली. त्या देशाच्या इतिहासातली ती पहिली स्वतंत्र तुकडी होती.